सायकलच्या स्टँडचा आवाज

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आयटी क्षेत्रातील बदल' असं छापलंय. ते छापून आल्यावर मी संयोजकांना फोन केला आणि विषय बदलून मागितला. इथले निम्मे लोक स्वतःच आयटीत आहेत आणि उरलेल्यांना त्यांचे जावई, पुतणे रोज तेच ऐकवतात. त्यामुळे मी आज बोलणार आहे भुताच्या फिल्मवर. कॉलेजातल्या मुलांनी मोबाईलवर काढलेल्या, पाच-सात मिनिटांच्या भयपटांवर. हसा, हरकत नाही. संयोजकही हसले होते. पण मला ३० वर्षांपूर्वीचं एक देणं फेडायचं आहे, आणि ते या विषयातूनच फिटण्यासारखं आहे.

झालं असं की मागच्या डिसेंबरात मी आईकडे पालघरला आले होते. एका कॉलेजात शॉर्टफिल्मची स्पर्धा होती, विषय 'भय', लांबी जास्तीत जास्त सात मिनिटं. ठरलेले परीक्षक ऐनवेळी आले नाहीत. मग कोणीतरी म्हणालं, अमक्यांची मुलगी आलीय पुण्याहून, ती कॉम्प्युटरमध्ये आहे. आपल्याकडे कॉम्प्युटरमध्ये असणं म्हणजे प्रिंटर दुरुस्तीपासून सिनेमापर्यंत सगळं येणं. मी गेले.

१४ फिल्म होत्या. त्यातल्या नऊंमध्ये पांढऱ्या कपड्यातली, केस मोकळे सोडलेली मुलगी होती. चारांमध्ये बाथरूमचा आरसा होता. तिघांमध्ये अगदी एकच किंकाळी होती. कुठल्याशा फुकट मिळणाऱ्या आवाजांच्या साठ्यातून तिघांनीही तीच उतरवून घेतलेली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मागची पोरं त्या किंकाळीच्या सुरात सूर मिसळून ओरडली. हॉलमध्ये भरपूर दचकणं झालं, भरपूर हसणं झालं, आणि दिवे लागल्यावर सगळे वडापाव खायला गेले.

मुलांना नावं ठेवायला मी इथं उभी नाही. कसली भीती दाखवायची हे त्यांनी जे पाहिलं त्यावरूनच ठरवलं, आणि त्यांनी पाहिलं ते कोरियाचं, जपानचं, अमेरिकेचं. आपण काय वेगळे होतो? १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' लागायला लागला तेव्हा ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या घरी आपण दाटीवाटीनं बसायचो. पडवीत चपलांचा ढीग, आणि घरी परतताना एकमेकींचे हात घट्ट धरलेले. त्यातली हवेली बोईसरमध्ये कुणी पाहिली होती? आपल्याकडे कंपन्यांच्या शेड होत्या, कॉलनीतल्या खोल्या होत्या आणि खाडी होती. तरी भीती वाटायचीच. पण ती सकाळपर्यंत टिकायची नाही.

माझ्या कामात एक गोष्ट रोज करावी लागते. प्रोग्राम चालला की नाही हे चालवण्याच्या क्षणी कळत नाही, दुसऱ्या दिवशीचा लॉग उघडल्यावर कळतं. भयपटाचंही तसंच असावं. दचकवायला काहीच लागत नाही, आवाज एकदम वाढवला की झालं. १९४२ च्या 'कॅट पीपल' नावाच्या सिनेमात एक बाई रात्री उद्यानाच्या भिंतीच्या कडेनं चाललेली असते. कोणीतरी मागे आहे असं तिला वाटत असतं, आपल्यालाही वाटत असतं, आणि एकदम फिस्स करून एक आवाज येतो. तो बसचा असतो. बस येऊन थांबलेली, बाकी काही नाही. ज्यानं एसटीच्या ब्रेकचा आवाज बेसावध असताना ऐकलाय त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. तो सिनेमा कमी पैशात काढलेला होता, आणि श्वापद बहुतेक वेळ सावल्यांतच ठेवलेलं होतं. तीच त्याची ताकद ठरली.

पैसे नसणं या प्रकारात बरेचदा कामाला येतं. जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी लॉस एंजेलिसला शिकत असताना 'डार्क स्टार' नावाची फिल्म सुरू केली. पुढे ती वाढवून १९७४ मध्ये थिएटरात आली. त्यात परग्रहावरचा प्राणी म्हणून समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा मोठा फुगीर चेंडू रंगवून वापरला होता. त्यावर लोकांनी हसावं अशी अपेक्षा होती, तेवढे लोक हसले नाहीत. हसवता येत नाही तर घाबरवू, असं ओबॅनननं मनाशी घेतलं आणि त्यातून पुढे १९७९ चा 'एलियन' लिहिला. १९९९ चा 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' तर जंगलात हरवलेल्या तीन सिनेमाच्या विद्यार्थ्यांचीच गोष्ट. चित्रीकरण जेमतेम आठवडाभराचं, कॅमेरे नटांच्याच हातात, आणि चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. शेवटी दिसतो तो फक्त कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असलेला एक माणूस. सुरुवातीला एका गावकऱ्यानं जे सहज सांगितलेलं असतं ते तुम्ही नीट ऐकलं असेल तर अंगावर काटा येतो, नसेल ऐकलं तर शेजारच्याला विचारावं लागतं की संपला का सिनेमा.

आपल्याकडचं सांगायचं तर राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं नारायण धारपांची गोष्ट सांगितली. तिचं बोट धरून 'तुंबाड' पडद्यावर यायला ऑक्टोबर २०१८ उजाडलं. पंचवीस वर्षं ती गोष्ट त्या माणसाच्या अंगातून गेली नाही, हा लॉग म्हणायचा. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त भीती उसाच्या फडातून येते, आणि मुलगी नको असणाऱ्या घरांतून येते. ऊस आणि तसली घरं, दोन्ही आपल्याला चांगली माहीत आहेत.

बाई, तुम्ही पुढे बसलाय म्हणून सांगते. आठवीत मला वर्गात भुताच्या गोष्टी सांगताना तुम्ही पकडलंत. मला वाटलं आता पट्टी. तुम्ही लायब्ररीतून रत्नाकर मतकरींचं पुस्तक आणून दिलंत आणि म्हणालात, सांगायच्याच असतील तर अशा सांग. मी वाचलं आणि वैतागले होते. यात भूत कुठंय? सगळी साधी घरं, साधी माणसं, नवरा-बायको, एखादं खेळणं. मला तेव्हा भूत दिसायला हवं होतं.

आता त्या १४ फिल्ममधली अकरावी. नाव नव्हतं तिला. फाईलचं नाव होतं 'फायनल फायनल ३', आणि आमच्या धंद्यात अशी फाईल पाहिली की माणसाचा जीव कळवळतो. पाच मिनिटं चाळीस सेकंद.

एमआयडीसीच्या मागच्या बाजूला असतात तशी एक खोली. आई स्टोव्हवर भात गरम करतेय, मुलगी जमिनीवर बसून गृहपाठ करतेय. कोपऱ्यात काही सामान, दोरीवर कपडे. दूरवर भोंगा होतो, सेकंड शिफ्ट सुटल्याचा. थोड्या वेळानं बाहेर सायकल थांबल्याचा आवाज येतो आणि स्टँड लावल्याचा, खट्ट. मुलगी वर न बघता म्हणते, बाबा आले. आई कडी काढते. बाहेर कोणी नाही. ती पुन्हा दार लावते, ताट झाकून ठेवते. परत सायकल, परत खट्ट. ती परत उघडते, या वेळी जरा घाईनं. कोणी नाही. तिसऱ्यांदा स्टँडचा आवाज येतो आणि पाठोपाठ दारावर टकटक. आता ती उठत नाही. मुलीच्या तोंडावर हात ठेवून बसून राहते. कॅमेरा हळूहळू कोपऱ्याकडे वळतो. आपण इतका वेळ ज्याला सामान समजत होतो, ज्याच्यावर टॉवेल वाळत टाकलेत, ती सायकल आहे. पहिल्या मिनिटापासून तिथेच आहे. हँडल वाकलेलं आहे. संपलं.

संगीत नाही. किंकाळी नाही. हॉलमध्ये कोणी दचकलं नाही. मागून एकजण म्हणाला, "एवढंच?"

परीक्षकांच्या कागदावर एक रकाना होता, भयाचा परिणाम, २० पैकी. मी आठ दिले. ध्वनी, १० पैकी चार, कारण मागे सतत एक सूं असा आवाज होता. मी हुशारीनं शेरासुद्धा लिहिला, 'तांत्रिक बाजू कच्ची, भयाचा घटक कमी.' पहिलं बक्षीस आरशाच्या एका फिल्मला गेलं. ती चांगली होती, खोटं का बोला. प्रकाशयोजना सफाईदार, आरशातली सावली अर्धा सेकंद उशिरा हलते ही कल्पनाही छान. मला आज तिच्यातलं तेवढंच आठवतं.

रात्री आईकडे झोपले. साडेअकराच्या सुमारास खाली कोणीतरी गाडी स्टँडवर लावली. खट्ट. मी उठून बसले. मग झोप नाहीच.

त्या अंधारात बसून मी आधी इंजिनिअरसारखा विचार केला. तो सूं आवाज कुठून आला? मोबाईलचा माइक शांतता झाली की आपोआप कान टवकारतो, म्हणजे आवाजाची पातळी स्वतःच वाढवतो. बोलणं थांबलं की खोलीतला पंखा, ट्यूबलाईट, रस्ता सगळं वर येतं. मी ज्याला दोष म्हणून चार गुण दिले तो आवाज म्हणजे त्या बाईचं कान देऊन ऐकणं होतं. बाकीच्यांनी ती शांतता घूं घूं संगीतानं भरून टाकली होती, आणि तेही मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, कारण खालचे सूर त्याला काढताच येत नाहीत. स्टँडचा खट्ट मात्र कुठल्याही फोनवर ऐकू येतो. एवढं सगळं उमजल्यावर मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला माहीत होतं मी का उठून बसलेय.

आठवीचं वर्ष आठवा. १९९३-९४. आपण तेव्हा ठाणे जिल्ह्यातले, पालघर जिल्हा व्हायला अजून वीस वर्षं होती. पावसात वीज जायची. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूरला चालू, आणि आपण बोईसरमध्ये मेणबत्ती लावून गणितं करतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपण शब्दशः भोगलाय. वर्गात वीज गेली आणि तास मोकळा असला की तुम्ही सगळे ओरडायचात, गोष्ट, गोष्ट. आणि मी सांगायची. माझी ठरलेली गोष्ट कोणती होती?

बघा, लगेच आवाज आला. सायकलवाला.

एमआयडीसीच्या रस्त्यावर, रात्रपाळी सुरू झाल्यावर, मागून सायकलची घंटी वाजते. वळून बघितलं तर कोणी नाही. तो कंपनीतला माणूस, अपघातात गेलेला, अजून घर शोधतोय. दर आठवड्याला मी त्यात भर घालायची. कधी त्याचा हात जळलेला असायचा, कधी त्याला औषधाचा उग्र वास यायचा, आपल्याला सगळ्यांना ओळखीचा असलेला तो एमआयडीसीचा वास. पुढे पुढे तो सायकल दारात आणून लावायला लागला. तुम्ही टाळ्या वाजवायचात. मला फार आवडायचं ते.

आपल्या वर्गात एक मुलगी होती जिचे वडील त्याच पावसाळ्यात एका कारखान्यातल्या अपघातात गेले होते. सेकंड शिफ्टला गेले आणि आले नाहीत. कारखान्याचं नाव मी घेत नाही, तिचंही घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. आपण सगळे तिच्या घरी जाऊन आलो होतो. मी नंतर बरेच वर्षं स्वतःला सांगत आले की माझ्या ध्यानात आलं नव्हतं, लहान होते. ते खरं नाही. मला माहीत होतं. ती गोष्ट मला सुचली ती तिच्या घरून परत येताना. त्यांची सायकल कोणीतरी आणून तिच्या दाराशी ठेवली होती, ती मी पाहिली होती.

ती तिसऱ्या बाकावर बसून ऐकायची. काही बोलायची नाही. एकदाच तिनं विचारलं, "तो काही बोलतो का गं?"

आणि मी गोष्ट रंगवायच्या भरात म्हणाले, "नाही. नुसता बघतो." सगळे ओरडले. तीही हसली असं मला आठवतं, पण त्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

तिला भीती वाटत नव्हती. तिला तो यायला हवा होता. त्या फिल्ममधली आई दोनदा दार उघडते ते भीतीनं उघडते का? दुसऱ्यांदा तर ती घाईनं जाते. मी परीक्षकाच्या खुर्चीत बसून शेरा मारला, भयाचा घटक कमी. मुलांनी फार अवघड काम केलं होतं, एकाच आवाजाला आधी ओढ आणि मग भीती लावून दाखवली होती, आणि ते पाच मिनिटांत.

सकाळी मी कॉलेजात फोन केला. निकाल जाहीर झाला होता, तो बदलता येणार नव्हता, आणि ते बरोबरच आहे. मी त्या मुलांचा नंबर मागितला. दोन मुलं, एक मुलगी. स्टेशनजवळ चहाला भेटलो. मी माफी मागितली तेव्हा ती इतकी अवघडली की मलाच वाईट वाटलं. मी विचारलं, बाबांना दाखवायचं नाही हे कसं सुचलं? मला वाटलं आता काहीतरी मोठं उत्तर येईल. मुलगी म्हणाली, "मॅडम, करणार कोण? कोणाकडे कंपनीचा युनिफॉर्म नव्हता." सायकल तिच्या आजोबांची. हँडल आधीपासूनच वाकलेलं. स्टँडचा आवाज रात्री गोधडीखाली फोन ठेवून रेकॉर्ड केला, कारण बाहेर कुत्री भुंकत होती. संगीत का नाही? डाउनलोड होत नव्हतं.

पण गोष्ट कुठून आली हे विचारल्यावर मात्र तिघंही गप्प झाली. मग एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते ही. सायकलवाल्याची.

मी चहा खाली ठेवला. ही माझी गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. बोईसरच्या आसपास अशी गोष्ट कुणालाही सुचली असती, सुचलीच असणार. कंपन्यांतले स्फोट, वायुगळती, रात्रीचे भोंगे यांच्यामध्ये वाढलेल्या मुलांना वेगळं काय सुचणार? डहाणू-तलासरीकडची मुलं आता भुताची फिल्म काढतील तर तिच्यात जमीन हलेल. नोव्हेंबर २०१८ पासून तिथली माणसं धक्क्यांच्या भीतीनं कितीतरी रात्री घराबाहेर झोपलीत. पण त्या वळणावर तो सायकल दारात आणून लावतो, हा तपशील माझा होता की नव्हता, हे मला आजही ठरवता येत नाही.

या मेळाव्याचं आमंत्रण आलं तेव्हा मी त्या मुलांच्या परवानगीनं ती फिल्म आपल्या वर्गमैत्रिणीला पाठवली. सोबत लांबलचक मेसेज लिहिला, चार वेळा पुसला, शेवटी एवढंच लिहिलं की बघ आणि मग मला शिव्या दे. दोन दिवस निळ्या खुणा नुसत्या. तिसऱ्या दिवशी तिचा फोन. मी सगळं बोलून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो प्रश्न मी विचारला होता? मला नाही बाई आठवत. मला एवढं आठवतं की तू गोष्ट सांगता सांगता माझ्या डब्यातली भाकरी संपवायचीस."

मग जरा थांबून म्हणाली, फिल्म चांगली आहे, पण एक चुकलंय. "आईनं दार लावलं नसतं गं. ती वर्षभर रात्री कडी लावत नव्हती. आम्ही भावंडं चोराच्या भीतीनं मरायचो."

मी हे त्या मुलांना कळवलं. त्यांनी शेवट बदलायचं ठरवलंय. मी म्हटलं, आहे तीही ठेवा. त्या मुलीचा उलटा मेसेज आला, "मॅडम, कडीच नाही लावली तर तिसऱ्यांदा टकटक कशाला होईल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिघं त्यावर अजून भांडताहेत.

ती आज आलीय. हे सगळं सांगायची परवानगी तिनं दिली, अट एकच, नाव घ्यायचं नाही आणि तिच्याकडे बघायचं नाही. त्यामुळे मी गेली वीस मिनिटं उजवीकडच्या खिडकीकडे बघून बोलतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

चहानंतर याच हॉलमध्ये ती फिल्म दाखवणार आहोत. जुना शेवट आहे, नवा अजून झालेला नाही. ती तिन्ही मुलंही आलीत, मागे उभी आहेत, त्यांना बसायला जागा द्या. पाच मिनिटं चाळीस सेकंद पंखे बंद ठेवावे लागतील, उकडेल, तेवढं सोसा. आणि सर, तुमच्याकडे एक विनंती, फोन तेवढा सायलेंटवर.